ओटा नवा करताय? टाईल बसण्याआधी गिझर ठरवा

दिवाळी सरली की निफाड, सिन्नर, येवला, चांदवड पट्ट्यात थंडी उतरते आणि घराची कामंही निघतात. कुणाचं घरकुल पूर्ण होत असतं, कुणी जुनं पत्र्याचं स्वयंपाकघर पाडून स्लॅब टाकतं, कुणी नुसता ओटा आणि मोरी नवी करतं. ग्रॅनाईट कोणता, टाईल कोणत्या रंगाची, ट्रॉली किती कप्प्यांची यावर घरात आठवडाभर चर्चा होते. गरम पाणी कुठून येणार, हा विषय मात्र सगळ्यात शेवटी निघतो. तोवर टाईल बसलेली असते.

जुन्या घरात हा प्रश्न पडत नव्हता, कारण चूल होती. पुढे भाकरी चालायची आणि वैलावर पाण्याचा हंडा आपोआप तापायचा. न्हाणीत बंब असायचा. नव्या स्वयंपाकघरातून चूल आणि तिचा धूर गेला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्याबरोबर वैलावरचं फुकटचं गरम पाणीही गेलं. मग पहाटे पाचला निफाडच्या थंडीत तेलकट भांडी गार पाण्यानं घासायची वेळ येते आणि घाईघाईत बाजारातून एखादा छोटा गिझर आणून मिळेल त्या भिंतीला ठोकला जातो.

इथेच चूक होते. जागा कमी म्हणून डबा लहान बघितला जातो. पण लहान घरात गिझर निवडताना डब्याच्या आकाराआधी तीन गोष्टी बघायला हव्यात. घरातली वायर, टाकीतलं पाणी आणि खोलीतली हवा. या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर वाचलेली जागा महागात पडते, कधी कधी जिवावर बेतते.

आधी हिशोब : एक बादली तापवायला किती लागतं?

थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला ४२ अंश पुरे. म्हणजे १५ लिटरची एक बादली २२ अंशांनी तापवायची. त्याला साधारण ०.४ युनिट वीज लागते. गिझर लहान असो की मोठा, भारी असो की साधा, पाणी तापवायला लागणारी वीज तेवढीच. मोठ्या टाकीच्या गिझरमध्ये तापलेलं पाणी नुसतं पडून राहिलं तर थोडी वीज वाया जाते, इतकाच फरक.

पाच माणसांचं घर असेल तर रोज दोन युनिट, महिन्याला ६० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटला जास्त दर लागतो. ज्या घराचं बिल आतापर्यंत ८० युनिटच्या आत होतं, ते गिझरमुळे पहिला टप्पा ओलांडतं. त्यामुळे 'गिझर घेतल्यापासून बिल दुप्पट झालं' ही तक्रार खोटी नसते. पण त्यात दोष मीटरचा नसतो.

आता गॅसचं बघू. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अशा साधारण ३५० बादल्या तापतात. पाच माणसांना रोज एकेक बादली धरली तर सिलिंडर ७० दिवस जातो. आपल्या गावातला सिलिंडरचा भाव घ्या आणि ३५० नं भागा. ती झाली गॅसवरची बादली. विजेचा आपल्या बिलावरचा दर घ्या आणि ०.४ नं गुणा. ती झाली विजेवरची बादली. मोबाईलवर अर्ध्या मिनिटात हिशोब होतो. बऱ्याच घरांत गॅसची बादली स्वस्त पडते, म्हणून गॅस गिझरकडे ओढा जास्त आहे. त्याचा धोका मात्र या हिशोबात दिसत नाही. त्याविषयी पुढे.

लिटरचा आकडा फसवतो, वॅट बघा

दुकानात १ लिटर, ३ लिटर, ५ लिटर असे छोटे इन्स्टंट गिझर असतात. ३ लिटरचा गिझर १ लिटरच्या तिप्पट पाणी तापवतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लिटर म्हणजे आतल्या टाकीत मावणारं पाणी. दर मिनिटाला किती पाणी तापेल हे वॅटवर ठरतं. या दोन्ही गिझरमध्ये बहुतेक वेळा ३००० वॅटचीच कॉईल असते.

३००० वॅटची कॉईल एका मिनिटात साधारण दोन लिटर पाणी २० अंशांनी गरम करते. म्हणजे भांडी घासायला सिंकच्या नळाला बारीक धार पुरेशी गरम मिळते. बादली भरायला सात-आठ मिनिटं लागतात. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं आणि मग 'गिझर खराब निघाला' म्हणून दुकानात भांडण होतं. गिझर बरोबर असतो, धार मोठी असते.

१ लिटरपेक्षा ३ लिटरचा फायदा एवढाच की पहिलं तीन लिटर पाणी चांगलं कढत मिळतं. ओट्यासाठी तेवढं पुरतं. ३ लिटरचा डबा भिंतीवर एखाद्या मोठ्या पिठाच्या डब्याएवढी जागा घेतो.

दुसरा पर्याय ६ किंवा १० लिटरच्या साठवणीच्या छोट्या गिझरचा. याची कॉईल बहुतेक २००० वॅटची असते. पाणी तापायला थोडा वेळ लागतो, पण एकदा तापलं की धार मोठी सोडता येते. जागा थोडी जास्त लागते. आडवं मॉडेल मिळालं तर ते दाराच्या वर किंवा माळ्याखालच्या पट्ट्यात बसतं.

वायर : ओट्याच्या जुन्या पॉइंटवर गिझर चालवू नका

३००० वॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर करंट ओढतो. मिक्सर, मोबाईल चार्जर, बल्बसाठी टाकलेल्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर तो लावला की सॉकेट तापतं, प्लग काळा पडतो, प्लास्टिकचा वास येतो. हा वास आला की गिझर लगेच बंद करायचा, 'चालतंय तोवर चालू दे' म्हणायचं नाही.

गिझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. तांब्याची, कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटरची. बोर्ड लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटरची. १६ अँपिअरचं तीन पिनचं सॉकेट आणि त्याची वेगळी एमसीबी. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघून घ्या. भार १ किलोवॅट आणि गिझर ३ किलोवॅट असेल तर आधी भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. अनेक घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. किंवा ती नळाच्या पाईपला गुंडाळलेली असते. पूर्वी लोखंडी पाईप होते तेव्हा लोकांनी ही सवय लावून घेतली. आता पाईप प्लास्टिकचे आहेत, त्यांना गुंडाळलेल्या वायरीचा काही उपयोग नाही. कॉईल फुटली की करंट पाण्यात आणि नळात उतरतो. ओल्या हातानं नळ धरणाऱ्या माणसाला तो बसतो.

म्हणून घराचं काम चालू असतानाच अर्थिंगचा खड्डा घ्यावा आणि तिथून वायर बोर्डापर्यंत आणावी. त्यासोबत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. करंट गळायला लागला की ती क्षणात लाईन तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही. ती जास्त भार आणि शॉर्टसर्किट ओळखते, माणसाला बसणारा शॉक ओळखत नाही. ओट्याच्या ग्रॅनाईटमध्ये थोडी काटकसर करून आरसीसीबी घेतली तरी चालेल, उलटं चालणार नाही.

वस्तीवर राहणाऱ्यांसाठी : व्होल्टेज

गावठाणात लाईट बरी असते. मळ्यातल्या वस्तीवर शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो. मोटार कमी व्होल्टेजला जळते हे शेतकऱ्याला सांगायला नको. गिझरचं तसं नाही. तो जळत नाही, फक्त मंद होतो. किती मंद? २३० व्होल्टला ३००० वॅट देणारा गिझर १८० व्होल्टला साधारण १८०० वॅटच देतो. सात-आठ मिनिटांची बादली मग बारा-तेरा मिनिटांवर जाते.

अशा ठिकाणी इन्स्टंट गिझर निराश करतो, कारण त्याला वाहत्या पाण्यालाच तापवायचं असतं. वस्तीवर साठवणीचा ६ किंवा १० लिटरचा गिझर जास्त कामाचा. थोडा उशीर लागेल, पण पाणी तापेल. आणखी एक, घरचा साधा इन्व्हर्टर यातला कोणताही गिझर ओढू शकत नाही. लाईट गेली की गरम पाणी बंद, हे धरूनच चालावं.

गॅस गिझर : डबा छोटा, पण हवा खातो

गॅस गिझर भिंतीवर कमी जागा घेतो, धार मोठी देतो, लाईट नसली तरी सेलवर पेटतो. वस्तीवरच्या माणसाला आणखी काय पाहिजे? म्हणूनच तो कुठे बसवायचा हे नीट समजून घेतलं पाहिजे.

गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरला जातो. गॅस गिझरचा बर्नर शेगडीच्या बर्नरपेक्षा कितीतरी मोठा असतो. खोली लहान, दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद, अशा वेळी ऑक्सिजन कमी पडतो आणि गॅस अर्धवट जळतो. त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळणाऱ्या गॅसचा जसा घाण वास येतो, तसा याचा काहीच येत नाही. तो श्वासातून रक्तात जाऊन ऑक्सिजनची जागा बळकावतो. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, मग पायातली ताकद जाते. दाराची कडी काढावी एवढंही त्राण राहत नाही. 'बाथरूममध्ये बेशुद्ध पडले' अशा थंडीतल्या अनेक बातम्यांमागे हेच कारण असतं.

त्यामुळे नियम सरळ आहे. गॅस गिझर न्हाणीत बसवायचा नाही, भलेही तिथे एक झरोका असला तरी. तो बाहेरच्या भिंतीवर, ओसरीत किंवा मागच्या दारी पत्र्याच्या आडोशाला बसवायचा आणि गरम पाण्याचा पाईप आत न्यायचा. पाऊस थेट लागू नये, वाऱ्यानं ज्योत विझू नये एवढा आडोसा हवा, पण चारी बाजूंनी बंद नको. स्वयंपाकघरात बसवणंही टाळावं. तिथे शेगडी आधीच जळत असते आणि २५ चौरस मीटरच्या घरकुलात स्वयंपाकाची जागा ती केवढी!

ज्योत निळी असेल तर गॅस नीट जळतोय. पिवळी, लांबट ज्योत दिसली किंवा डब्यावर काजळी धरली तर गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवायचं. टाकीची उंचीही बघावी. गॅस गिझर पाण्याच्या दाबावर पेटतो. पत्र्याच्या घरात टाकी नळाच्या जेमतेम मीटरभर वर असते, तिथे अनेक मॉडेल पेटतच नाहीत. टाकी गिझरपेक्षा दोन-तीन मीटर उंच नसेल तर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागून घ्यावं.

सिंकखाली जागा आहे, पण तिथे सिलिंडरही आहे

हल्ली मोबाईलवर सुंदर स्वयंपाकघरांचे व्हिडिओ दिसतात. त्यात गिझर सिंकखालच्या कप्प्यात लपवलेला असतो. जागा वाचते हे खरं. पण आपल्याकडे ओट्याखाली सिलिंडर असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला की तो वर जात नाही, खाली जमिनीलगत आणि कप्प्यात साचतो. गिझरचा थर्मोस्टॅट दिवसभर चालू-बंद होत असतो, त्यात बारीक ठिणगी पडू शकते. साचलेला गॅस आणि ठिणगी एकाच कप्प्यात नको. सिंकखाली गिझर हवाच असेल तर सिलिंडर दुसरीकडे, शक्यतो घराबाहेरच्या जाळीच्या कप्प्यात न्यावा.

दुसरी गोष्ट, भिंतीवरचा गिझर उलटा करून सिंकखाली बसवता येत नाही. त्याचे पाईप खाली असतात. उलटा केला तर आत हवा अडकते, टाकी पूर्ण भरत नाही आणि कॉईल कोरडी तापून जळते. सिंकखालचं मॉडेल वेगळं येतं. दुकानदार 'चालतंय हो, फिरवून बसवा' म्हणाला तरी खोक्यावरचं चित्र बघा.

बोअरचं पाणी आणि पांढरा थर

चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरत असेल तर तोच थर गिझरच्या कॉईलवरही धरणार. थर जाड झाला की उष्णता पाण्याला मिळत नाही, वीज जास्त जाते आणि शेवटी कॉईल फुटते. गिझर जितका छोटा तितका हा त्रास लवकर, कारण आत जागाच नसते.

जिथे बोअरचं पाणी जड आहे तिथे वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, कॉईल काढून साफ करून घ्यावी. साठवणीच्या गिझरमध्ये मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की टाकी गंजायला लागते, म्हणून साफसफाईच्या वेळी तोही बघायला सांगा. ज्यांच्याकडे नळाचं आणि बोअरचं अशा दोन टाक्या आहेत, त्यांनी गिझरला नळाच्या पाण्याची टाकी जोडावी.

नळाला लावायचा हिटर आणि बादलीतला रॉड

मोबाईलवर जाहिरात येते, नळालाच बसणारा हिटर, लगेच गरम पाणी, किंमत अगदी कमी. जागा तर शून्य. पण तोही ३००० वॅटच्या आसपास वीज ओढतो आणि प्लास्टिकचा तो नळ थेट हातात असतो. अशा बऱ्याच नळांवर आयएसआय खूण नसते. खूण नसलेला हिटर ओल्या हाताजवळ नको, मग तो कितीही स्वस्त असो.

बादलीतला रॉड घरोघरी आहे. तो वापरायचाच असेल तर आधी रॉड पाण्यात, मग स्विच चालू. आधी स्विच बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. पाणी तापलं का हे बोट घालून बघायची सवय मोडली पाहिजे. लहान मुलं फिरतात तिथे रॉड लावून कामाला जायचं नाही.

खरेदी करताना आयएसआय खुणेजवळ आयएस नंबर असतो. साठवणीच्या विजेच्या गिझरला २०८२, इन्स्टंटला ८९७८, गॅस गिझरला १५५५८ आणि रॉडला ३६८. खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की तो खरा की खोटा ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

मग कोणत्या घरात काय?

गावठाणात घर, लाईट बरी, फक्त ओट्यासाठी गरम पाणी हवं : ३ लिटरचा इन्स्टंट, सिंकच्या वर भिंतीला.

ओटा आणि न्हाणी यांची भिंत एकच : ६ किंवा १० लिटरचा एकच गिझर त्या भिंतीवर, पाईप दोन्हीकडे. बादलीसाठी त्यातलं कढत पाणी गारात मिसळून घ्यायचं. अशानं जागाही वाचते आणि एक गिझरही.

वस्तीवर घर, व्होल्टेज कमी : साठवणीचा गिझर, किंवा मोकळ्या ओसरीत गॅस गिझर.

स्लॅबचं घर, घरात माणसं जास्त : अंघोळीसाठी गच्चीवर सोलर, ओट्यासाठी ३ लिटरचा छोटा गिझर.

गवंडी आणि प्लंबरला आधीच सांगायचं

१. गिझरची जागा खडूनं भिंतीवर आखून घ्या. नळापासून जितकी जवळ तितकी बरी. अर्ध्या इंची पाईपच्या दर दहा मीटरला सव्वा लिटरच्या आसपास गार पाणी आधी वाहून जातं.

२. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईपच लागतो. साधा पीव्हीसी मऊ पडतो, सांधे सुटतात.

३. पाईप आणि वायरची झिरी प्लास्टरच्या आधीच मारा. टाईल फोडून पाईप टाकला की डाग कायमचा राहतो.

४. सॉकेट सिंकपासून दूर आणि उंचावर घ्या, पाणी उडणार नाही असं. गिझर शेगडीच्या बरोबर वर नको.

५. गिझरसोबत येणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचाच. त्यातून थेंब पडतात म्हणून तो बूच मारून बंद करू नका. आतला दाब तिथूनच सुटतो.

६. पहिल्यांदा चालू करताना गरम नळातून पाणी येऊ द्या, मगच स्विच दाबा.

७. बादली भरली की स्विच बंद, मग अंघोळ.

आणि एक गोष्ट यादीच्या आधीची. या नळावर रोज पहाटे उभं कोण राहणार? नळ डाव्या हाताला हवा की उजव्या, गिझरचा स्विच तिच्या हाताला पुरतो का, हे गवंड्यानं नाही, तिनं ठरवायचं आहे. ओटा बांधण्याआधी तिला तिथे उभं करून विचारा.

अडचण आली तर

गॅस गिझर चालू असताना कुणाला चक्कर आली, डोकं दुखायला लागलं किंवा न्हाणीतून हाकेला उत्तर आलं नाही तर वाट बघू नका. दार उघडा किंवा तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

शॉक बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवा.